तांबं तेच, रंग नवा

साल 1808. खिशातला फोन आणि डोक्यातला गूगल मॅप, दोन्ही किल्ल्याच्या दाराबाहेर ठेवा आणि आत या. बोलण्याची काळजी नको. तंजावर तमिळ मुलखात असलं तरी राजवाड्याचं दप्तर मोडीत चालतं आणि हुकूम मराठीत सुटतात. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी इथे गादीवर बसले, त्याला सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. तेवढ्या काळात इथल्या मराठीत तमिळ आणि तेलुगू पार मुरली आहे. तुमच्या मराठीत आज जेवढी इंग्रजी आहे, तेवढी मात्र नाही.

आजच्या दिवसापुरतं तुम्हाला पुस्तकशाळेत काम आहे. दालनात शिरताच आधी वास येतो: वेखंड, लवंग, मिरी, दालचिनी, कापूर. यांची पूड फडक्यात बांधून पुरचुंड्या पोथ्यांमध्ये ठेवल्या आहेत, कसर आणि वाळवी लागू नये म्हणून. नायक राजांच्या काळापासूनचं हे सरस्वती भांडार. भिंतीलगत ताडपत्रांच्या पोथ्या, त्यांच्यापुढे कागदाच्या, आणि मधोमध गेल्या दहा वर्षांत वाढत गेलेला परका ढीग: लंडनची, पॅरिसची, ॲमस्टरडॅमची चामडी बांधणीची पुस्तकं. पुढे मोजदाद होईल तेव्हा युरोपीय भाषांतली साडेचार हजारांच्या आसपास भरतील.

एक पेटी नुकतीच आली आहे. लंडनहून निघून आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून मद्रासला, आणि तिथून बैलगाडीनं इथपर्यंत. जुने कारकून आहेत, त्यांना सगळे पंतच म्हणतात. ते झाकण उचलतात आणि तुम्हाला दटावतात.

"हळू हो. खारं पाणी शिरलं असेल तर पानं चिकटलेली असतात. ओढलीत की गेली."

ही नेमकी पेटी माझ्या कल्पनेतली आहे, हे सांगून टाकतो. तिच्यात काय ठेवायचं ते मी त्या काळच्या बाजारात जे मिळत होतं त्यावरून ठरवलं. पण इथल्या गादीवरच्या सर्फोजीराजांनी जगाचे नकाशे आणि नकाशांची पुस्तकं जमवली, हे कल्पनेतलं नाही. ती आजही तंजावरला आहेत.

आतून निघतं ते पुस्तक दोघांनी धरावं एवढं मोठं. पहिलं पान उलटलंत, की वाचू नका. आधी तळहात फिरवा. नकाशाच्या चौकटीबाहेर, चारही बाजूंनी, कागद किंचित दबलेला लागेल. तांब्याच्या पत्र्याची ती कड. कारागिरानं पोलादी कोरणीनं तांब्यावर एकेक रेघ खोदली, तीही उलटी. प्रत्येक नदी, प्रत्येक गावाचं नाव त्याला उजवीकडून डावीकडे कोरावं लागलं. मग खोदलेल्या रेघांत शाई भरायची, वरची पुसून काढायची, ओलसर कागद ठेवायचा आणि दोन रुळांच्या मधून पत्रा दाबून काढायचा. कागद खोबणीतून शाई उचलून घेतो, म्हणून बोटाच्या टोकाला रेघा उठावदार लागतात. कागद लिननच्या आणि सुती चिंध्यांचा. दोनशे वर्षांनी तुमच्या काळातलं वर्तमानपत्र पिवळं पडून चुरा होईल तेव्हाही हा लवचीक राहील.

आता पान उजेडासमोर धरा. कागद बनवणाऱ्याची खूण पाण्यासारखी दिसते. पंत ती आधी बघतात. नाव वाचता येत नाही, तरी एका पेटीतल्या पुस्तकाचा कागद सगळीकडे सारखा आहे ना, एवढं त्यावरून कळतं. आजचे जाणते संग्राहकही पहिलं काम तेच करतात.

आफ्रिकेचं पान. पश्चिमेकडून आत, थेट मध्यापर्यंत, डोंगरांची एक लांबलचक रांग कोरली आहे: काँग पर्वत. पंत त्यावरून आदरानं बोट फिरवतात. तुम्हाला ठाऊक आहे की असा पर्वत नाही. जेम्स रेनेल या नामांकित नकाशाकारानं 1798 मध्ये, मुंगो पार्कच्या प्रवासवर्णनासाठी नकाशे काढताना, तो मांडला. बाकीच्यांनी त्यावरून उतरवला. 1880 च्या दशकाच्या शेवटी बँजे नावाचा फ्रेंच अधिकारी प्रत्यक्ष तिथे फिरून येईल आणि मग हा पर्वत कागदावरून खाली उतरेल. तोवर नव्वद वर्षं तो शाळाशाळांतून पाठ केला जाईल. पण हे आत्ता बोलू नका. 1808 मध्ये रेनेलला खोटं ठरवायला तुमच्यापाशी पुरावा काय?

त्याच्या उलट स्वभावाचा माणूस म्हणजे फ्रान्सचा दाँव्हिल. त्यानं 1749 मध्ये आफ्रिका काढली तेव्हा जे नक्की माहीत नव्हतं ते पुसून टाकलं आणि मोठाले भाग कोरे ठेवले. ज्या गिऱ्हाइकाला हत्ती, सिंह आणि राक्षसांनी भरलेले नकाशे आवडायचे, त्याला हे कोरेपण फसवणूक वाटली असेल. मला विचाराल तर नकाशाच्या इतिहासातलं सगळ्यांत धाडसाचं काम ते आहे.

पुढचं पान. न्यू हॉलंड म्हणजे तुमचं ऑस्ट्रेलिया. दक्षिण किनाऱ्याची रेघ मध्येच तुटते. ती पुरी करणारा मॅथ्यू फ्लिंडर्स किनारा मोजून निघालाय खरा, पण या घटकेला तो मॉरिशसवर फ्रेंचांच्या कैदेत आहे. 1810 मध्ये सुटेल आणि त्याचा नकाशा 1814 मध्ये छापून होईल. मॉरिशस हे नाव ध्यानात ठेवा. आज दुपारी तंजावरातच ते पुन्हा ऐकू येणार आहे.

आणि आता हिंदुस्थान. पंत इथे थांबतात. हे पान ते नेहमीच थोडं जास्त वेळ उघडं ठेवतात.

रेनेलनं बंगालमध्ये जमीन मोजली, मग लंडनला परतून 1782 मध्ये हिंदुस्थानचा नकाशा काढला आणि 1788 मध्ये आणखी मोठा. पहिल्याच्या कोपऱ्यातलं नक्षीकाम बघण्यासारखं आहे. ब्रिटानिया उभी आहे आणि पंडित तिच्या हाती आपले धर्मग्रंथ सोपवताहेत. रक्षणासाठी, असा त्याचा खुलासा. पंडितांना कुणी विचारलं होतं का, ते त्यात नाही.

तुम्ही मात्र रंग बघा. कोरीव रेघा काळ्याच; रंग नंतरचा, हातानं, कुंचल्यानं. लंडनच्या दुकानांतून बायका आणि मुलं रांगेनं बसत. एकीनं लाल रेघ ओढायची, पान सरकवायचं, पुढच्यानं पिवळी. सरहद्दीच्या बाजूनं रंगाची पट्टी गेली की मुलूख कोणाचा ते ठरलं. कंपनीचा एक रंग, तिच्या दोस्तांचा दुसरा, मराठ्यांचा तिसरा. ज्या पोरानं कावेरीच्या मुखाशी ही पट्टी ओढली त्यानं कावेरी जन्मात पाहिली नव्हती. तंजावरचं राज्य म्हणजे त्याच्यासाठी कुंचल्याचा एक फटकारा आणि त्या फटकाऱ्याचे मिळणारे चार पैसे.

नकाशांच्या छंदातलं मर्म इथे आहे. तांब्याचा पत्रा कोरायला महिनोन्‌महिने लागत आणि खर्च फार, त्यामुळे प्रकाशक तो वर्षानुवर्षं वापरत. तह झाला, लढाई झाली, राजा पडला, तरी पत्रा तोच राहायचा. बदलायचा तो रंग. म्हणून एकाच पत्र्यावरून निघालेले दोन कागद शेजारी ठेवले, की मधल्या काळात कोणाचं राज्य गेलं ते अक्षर न वाचताही कळतं.

तंजावरचा रंग कधी बदलला? 1799 च्या ऑक्टोबरात. सर्फोजी गादीवर येऊन पुरतं दीड वर्षही झालं नव्हतं. दत्तक म्हणून आलेलं पोर; तुळजाराजांनी मरताना श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याच्या हवाली केलेलं; चुलते अमरसिंह यांनी अकरा वर्षं गादी अडवलेली. कंपनीनं सर्फोजींना गादी मिळवून दिली आणि मग तह पुढे केला. राज्याचा कारभार कंपनीकडे. राजाकडे तंजावरचा किल्ला आणि भोवतालची जमीन, वर्षाला एक लाख पॅगोडा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. एकवीस-बावीस वर्षांच्या तरुणानं सही केली. समोरच्या नकाशावर आधीच्या पट्टीऐवजी दुसऱ्या रंगाची ओढायला लंडनच्या त्या पोराला मिनिटभरही लागलं नसेल.

"महाराज येताहेत," पंत कुजबुजतात.

उभे राहा, पण घाबरू नका. वय तिशीचं, अंगानं भक्कम. ते पान बघतात, बोटानं कावेरीचे फाटे मोजल्यासारखे चाचपतात. मग दौत पुढे करा. प्रत्येक इंग्रजी पुस्तकावर ते इंग्रजीत सही करतात: सर्फोजी राजा. या नकाशात त्यांचा म्हणावा असा मुलूख जेमतेम किल्ल्याएवढा आहे, आणि त्या पुस्तकावर राजा म्हणून त्यांचं नाव आहे. सहीची शाई सुकेपर्यंत पुस्तक मिटायचं नाही, हे पंतांनी तुम्हाला आधीच सांगून ठेवलंय.

ते गेल्यावर राजवाड्यातला एक चितारी डोकावतो. परदेशी रंग पाहायची त्याला भारी हौस. हिरव्यावर तो नाक लावतो आणि मान हलवतो. "जंगाल," म्हणतो. तांब्यावर आंबट द्रव्य चढवून काढलेला हा हिरवा त्याच्या ओळखीचा आहे. वीस-तीस वर्षांत तो तपकिरी होईल आणि पुढे कागदच खाऊन टाकेल, पान उलटं केलं तर मागूनही डाग दिसेल. चिताऱ्यानं हेही सांगितलं की दमट हवेत हे लवकर होतं, आणि तंजावरची हवा तुम्हाला एव्हाना कळली असेलच. हिरव्याचा हा दोष तुमच्या काळात मात्र गुण ठरेल. जुन्या नकाशावरचा रंग त्याच काळातला की विकण्यासाठी परवा चढवलेला, हे ओळखायचं असेल तर पान उलटून मागे हिरव्याचा तपकिरी डाग शोधतात. डाग नाही, रंग टवटवीत, तर सावध व्हायचं.

दुपार झाली. पंतांची परवानगी काढा आणि पेरिय कोविलकडे चला. मोठ्या देवळाचं हेच इथलं नाव. बृहदीश्वर तुम्ही म्हणता. राजराज चोळानं 1010 मध्ये पुरं केलेलं हे देऊळ, विमान सुमारे 216 फूट उंच. आत शिरल्यावर आधी भिंतीकडे वळा. पाच वर्षांपूर्वी, 1803 मध्ये, सर्फोजींनी इथे भोसल्यांचा सगळा वंशेतिहास मराठीत दगडावर कोरून घेतला. मजकूर बाबूराव चिटणिसांचा. राज्य हातचं गेलं त्यानंतर चार वर्षांनी. तुम्ही नुकताच कागदावर बघितलेला रंग पुसता येतो, आणि पुसलाही गेला. दगडावरचं पुसता येणार नाही, हा हिशेब त्यामागे असावा असं माझं मत. तहात या भिंतींवर काय कोरायचं याबद्दल एकही कलम नव्हतं.

आणि आता वर बघा.

विमानाच्या माथ्यापाशी लाकडाची परांची बांधली आहे. दोर लोंबताहेत. खाली गर्दी, लाल डगल्यातले शिपाई, आणि मध्ये एक उंच, अबोल इंग्रज: विल्यम लॅम्बटन. 1802 च्या एप्रिलमध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटला त्यानं साडेसात मैलांची पायारेषा मोजली आणि तिथून त्रिकोणावर त्रिकोण रचत दक्षिण मोजत निघाला. डोंगराळ मुलखात काम सोपं. टेकडीवर चढायचं, दुसऱ्या टेकडीवरची खूण यंत्रातून पाहायची. कावेरीच्या सपाट खोऱ्यात टेकड्या नाहीत, आणि माडांनी नजर अडवलेली. मग उंच काय? देवळांची गोपुरं. म्हणून कंपनीचं यंत्र तमिळ देवळांच्या शिखरांवर चढू लागलंय.

यंत्र म्हणजे थिओडोलाइट. लंडनच्या विल्यम कॅरीनं बनवलेलं, आडवं चक्र तीन फूट व्यासाचं, वजन अर्धा टन. वाटेत फ्रेंचांनी ते जहाजच पकडलं आणि यंत्र मॉरिशसला नेलं. तिथल्या गव्हर्नरनं शास्त्राची कदर म्हणून ते सन्मानानं मद्रासला पाठवून दिलं. फ्रेंचांनी यंत्र सोडलं. पुढे त्याच बेटावर माणूस मात्र अडकवून ठेवला.

पेटीतलं यंत्र चढू लागतं. दोर ताणतात, कप्प्या करकरतात. तुमच्या शेजारी उभा असलेला एक म्हातारा भटजी तोंडातल्या तोंडात काही पुटपुटतो आहे. हा प्रकार त्याला पसंत नाही, हे सांगायची गरज नाही. याच विमानाच्या माथ्यावर ऐंशी टनांचा दगड कित्येक मैलांच्या उतारावरून हत्तींनी ओढून नेला, ही दंतकथा इथे पोरासोरांना पाठ आहे.

दोर तुटतो.

पेटी झुलते आणि थेट दगडी भिंतीवर आदळते. आवाज तुमच्या पायांपर्यंत येतो. खाली उतरवून पेटी उघडतात तेव्हा ते तीन फुटी चक्र, ज्याच्या कडेवर कोनांच्या बारीक खुणा केसाइतक्या अंतरानं कोरल्या आहेत, वाकून आकार गमावून बसलेलं असतं. कोणी बोलत नाही. अख्ख्या हिंदुस्थानात दुसरं असं यंत्र नाही, आणि लंडनहून मागवायचं म्हणजे वर्षं गेली.

लॅम्बटननं पुढे काय केलं ते बघायला तुम्हाला दीड महिना थांबावं लागेल. त्यानं यंत्राचे सुटे भाग केले, एका सपाट फळीवर हव्या त्या मापाचं वर्तुळ कापलं, आणि पाचरी, स्क्रू आणि कप्प्या लावून वाकलेली कड कणाकणानं त्या वर्तुळात ओढून आणली. सहा आठवडे लागले. तेच यंत्र पुढे कितीतरी वर्षं चाललं. हिंदुस्थानच्या नकाशाचा कणा त्यावर उभा राहिला. आपल्याकडे या मोजणीचं नाव निघालं की एव्हरेस्टच आठवतो. त्याच्या आधी लॅम्बटन होता हे सांगावं लागतं. त्याचं थडगं वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला आहे. नागपूरकडे जाताना 20 जानेवारी 1823 रोजी तो तिथे वारला. विदर्भातल्या वाचकांनी मद्रासची वाट धरायची गरज नाही.

दोन्ही गोष्टी एकाच आवारात आहेत, हे मला विसरता येत नाही. एका भिंतीवर राजानं आपण कोण ते कोरलं, आणि त्याच देवळाच्या शिखरावरून कंपनी त्याचा मुलूख मोजत होती. लॅम्बटनचे त्रिकोण ज्या कागदावर उतरले तो कागद कंपनीचा. त्यावरून सैन्य हलणार, सारा ठरणार. सर्फोजींच्या दालनात पडलेला ॲटलास त्याच जातीचा, पण त्याच्या आधारे त्यांना एक बिघाही जिंकायचा नव्हता. मग इतके पैसे खर्चून हे कशासाठी? राज्य गेलेल्या माणसाची हौस, असं सरळ उत्तर देणारे पुष्कळ भेटतील. तसं असतं तर पुस्तकं मखमलीत गुंडाळून ठेवली असती.

संध्याकाळी राजवाड्यात परत या, म्हणजे उत्तर मिळेल. आधी शाळेवरून चला. नवविद्याकलानिधी शाळा 1803 पासून आहे. तिच्याच नावाच्या छापखान्यातून देवनागरी पुस्तकं निघताहेत. इसापच्या गोष्टींचा मराठी अवतार, बालबोध मुक्तावली, 1806 मध्ये इथेच छापला. मुंबई-पुण्याकडे मराठी छापखान्याचं नाव निघण्याच्या आधीची ही गोष्ट, आणि आपल्या शालेय पुस्तकांत ती अजून धड आलेली नाही.

आता दिवे लागलेत, मृदंग जुळतोय. रंगमंचावर येईल ती कोरवंजी, म्हणजे डोंगरातली भविष्य सांगणारी बाई. टोपली काखेत, हातात काठी. तमिळ आणि तेलुगू मुलखात कोरवंजीची नाटकं घरोघरी माहीत. ती यायची, नायिकेचा हात बघायची, आपण फिरलेल्या डोंगरांची आणि देवळांची नावं गायची आणि प्रियकर भेटेल असं सांगायची. सर्फोजींनी तिला मराठीत गायला लावलं आणि तिची वाट लांबवली. त्यांच्या 'देवेंद्र कोरवंजी'त ती जगभर फिरून आलेली आहे. इंद्राणीपुढे ती गाते ते खंड, देश, शहरं. युरोप, आशिया, आफ्रिका, अमेरिका. पुराणांतली सात द्वीपं आणि क्षीरसागर ज्या श्रोत्यांना तोंडपाठ, त्यांच्यासमोर ॲटलासमधली नावं मराठी पदांत, तालात, येतात.

तुम्ही सकाळी हाताळलेलं पुस्तक असं उघडलं गेलं. ज्यांना इंग्रजी येत नाही, ज्यांना त्या दालनात पाऊलही टाकता येणार नाही, त्यांच्या कानांवर जगाचा नकाशा पडावा, तोही स्वर्गातल्या राणीला एका भटक्या बाईनं सांगितलेला. नकाशा काढणाऱ्यांनी जगाची मालकी सांगितली. या माणसानं त्याचं गाणं केलं. जुन्या नकाशांचे संग्राहक मी पुष्कळ वाचलेत; संग्रहाचा याहून मोठा उपयोग केलेला मला ठाऊक नाही.

अमेरिका गाऊन झाली की निघा, पुढची वर्षं भराभर उलटायची आहेत.

1820. सर्फोजी स्वतःच निघाले आहेत, कागदावरून बाहेर, काशीला. सुमारे तीन हजार माणसांचा लवाजमा, आणि कंपनीची परवानगी, कारण किल्ल्याबाहेर पडायचं तर तीही हवी. काशीच्या घाटांची चित्रं त्यांनी करवून घेतली. 1822 मध्ये परत. नकाशा बघत वाढलेल्या माणसाला एकदा तरी जमीन पायाखाली घ्यावीशी वाटणारच. 1826. बिशप हेबर भेटायला येतो आणि थक्क होऊन लिहून ठेवतो, की हा राजा लाव्हाझिए, लिनियस, बुफाँ यांचे दाखले देतो आणि शेक्सपिअरवर मत मांडतो. पुढच्या काही दिवसांत हेबर त्रिचनापल्लीत वारतो. 1832. सर्फोजी गेले. 1855. त्यांचे पुत्र शिवाजी पुरुष वारसाशिवाय वारले आणि कंपनीनं तंजावर खालसा केलं. नकाशावर रंगाची पट्टी पुन्हा एकदा बदलली, आणि या वेळी किल्लाही गेला. 1918. सरस्वती महाल ग्रंथालय लोकांसाठी खुलं झालं.

परत आलात. फोन खिशात टाका.

आज तुम्ही राजवाड्यातल्या या ग्रंथालयाच्या संग्रहालयात तिकीट काढून शिरता तेव्हा काचेआड अठराव्या शतकातले जगाचे नकाशे आणि ॲटलास दिसतात. शेजारी शार्ल ल ब्रँनं काढलेले माणसांचे आणि जनावरांचे मिळतेजुळते चेहरे, काशीचे घाट, जॉन्सनचा शब्दकोश. बहुतेक पर्यटक चेहऱ्यांपुढे हसत उभे राहतात आणि नकाशांवरून पुढे सरकतात. तुम्ही तसं करू नका. काचेतून तळहात फिरवता येणार नाही, पण तांब्याच्या पत्र्याची दबलेली कड तिरक्या उजेडात डोळ्यांनाही दिसते. हिरवा कुठे तपकिरी झालाय ते बघा. तंजावरच्या भोवतीची पट्टी कुठल्या रंगाची ते बघा.

आणि हा छंद जडलाच तर दोन-चार गोष्टी. भिंग जवळ ठेवा. छापील नक्कल असेल तर रंगाचे बारीक ठिपके दिसतात. कुंचल्याच्या रंगात ठिपके नसतात. कागद उजेडात धरल्याशिवाय पैसे देऊ नका. सुझन गोळे यांनी 1989 मध्ये काढलेलं भारतीय नकाशांवरचं पुस्तक ग्रंथालयात बसून वाचा, म्हणजे युरोपीयांच्या आधीही इथे नकाशे काढले जात होते हे कळेल, आणि जे संग्राहक फक्त लंडनच्या लिलावांकडे बघतात त्यांच्यात तुमची भर पडणार नाही. हैदराबादच्या कलाकृती संग्रहातले नकाशे 2015 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात मांडले होते, तेव्हा लोक तासन्‌तास उभे होते. तसं प्रदर्शन कुठे लागलं तर चुकवू नका. शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तू देशाबाहेर न्यायला 1972 च्या कायद्यानं बंदी आहे, तेव्हा परदेशी राहणाऱ्या भाच्याला भेट म्हणून देण्याचा बेत असेल तर सोडून द्या.

एका बाबतीत मात्र मी हट्टी आहे. बाजारात सुटे नकाशे येतात ते पुष्कळदा ॲटलास फाडून. पन्नास पानांचं पुस्तक फोडून पन्नास चौकटी विकल्या की पैसा जास्त सुटतो. हिंदुस्थानचं पान आपल्या दिवाणखान्यात छान दिसतं, पण ज्या जगात तो हिंदुस्थान होता ते जग मात्र पन्नास घरांत विखुरलं. असं फोडलेलं पान घेऊ नये. दुकानदाराला विचारा की पुस्तक कुठे आहे; उत्तर चाचपडत आलं की निघा. सर्फोजींचे ॲटलास अखंड राहिले ते राजाचे होते म्हणून नव्हे, ते बाजारात गेले नाहीत म्हणून.

शेवटची विनंती नाटकवाल्यांना. 'देवेंद्र कोरवंजी' सरस्वती महालनं 1950 मध्ये छापली आहे. मराठी नाटकाची सुरुवात सांगताना आपण 1843 चं सांगली आणि विष्णुदास भावे इथपर्यंत जाऊन थांबतो. तंजावरच्या राजांची नाटकं त्याच्या कितीतरी आधीची, आणि ती ग्रंथसूचीत पडून आहेत. महाराष्ट्रात शंभर वर्षं ओलांडलेल्या नाट्यसंस्था आहेत, संगीत नाटकाच्या जिवावर वाढलेल्या आहेत. त्यांपैकी एकीनं तरी ही संहिता मागवून घ्यावी, पदांना चाली लावाव्यात आणि जगाचा भूगोल गाणारी ती कोरवंजी मराठी रंगमंचावर उभी करावी. पहिला प्रयोग तंजावरला लावलात, तर मी तिकीट काढून येईन.